भेगेवरची सही

आमच्या ऑफिसात जुन्या फाइल्स ठरावीक वर्षांनी रद्दीत काढायचा नियम आहे. किश्श्यांना असा काही नियम नाही, त्यामुळे ते साचत राहतात. क्लेम फॉर्मवर 'नुकसान कसे झाले' याच्याखाली तीन ओळी सोडलेल्या असतात. पण ज्याच्या घरात पाणी शिरलंय तो माणूस तीन ओळींत थांबतो होय! तो कागदाची मागची बाजू भरतो, वर दोन कागद जोडतो, आणि तरीही समाधान झालं नाही की माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतो.

मी दिल्लीत एका सरकारी विमा कंपनीत घरांचे क्लेम बघते. पूर, भूकंप, वादळ, म्हणजे वरून किंवा खालून जे काही येईल ते माझ्या टेबलावर. ऑफिस कस्तुरबा गांधी मार्गाच्या जवळ, सातव्या मजल्यावर. नवराही केंद्र सरकारात, त्यामुळे राहणं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. माझ्या वर नायरमॅडम आहेत. त्या सही करेपर्यंत कुठलाही क्लेम क्लेम नसतो. आणि नुकसान बघायला जातात ते पॅनेलवरचे सर्व्हेयर, ग्रोव्हरसाहेब.

या पावसाळ्यात एका घराने आम्हा तिघांची झोप उडवली. गाझियाबादमधलं इनामदारकाकांचं घर. त्यात राहायचं की ते सोडायचं, हे एका कागदाच्या पट्टीवर ठरणार होतं. ते सांगेनच, पण आधी ग्रोव्हरसाहेब माहीत हवेत.

*

ग्रोव्हरसाहेब क्लेमवाल्याच्या घरी चहा घेत नाहीत. चहाच काय, पाणीही नाही. घरून थर्मास आणतात आणि गल्लीच्या तोंडाशी गाडीला टेकून दोन घोट घेतात, मग आत जातात. अठरा वर्षं हा शिरस्ता आहे.

एकदाच मोडला. फरिदाबादला जूनच्या उन्हात एका घरी कोणीतरी हातात सरबताचा ग्लास दिला आणि बोलण्याच्या नादात साहेबांनी तो तोंडाला लावला. अर्धा संपल्यावर लक्षात आलं. ग्लास खाली ठेवला, डायरी मिटली, आणि तडक ऑफिसात येऊन फाइल नायरमॅडमच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, मी यांचं सरबत प्यालोय, आता यांचा रिपोर्ट माझ्या हातून व्हायचा नाही, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा.

मॅडमनी समजूत घालायचा प्रयत्न केला की अर्धाच तर ग्लास होता.

"मैडम, आधा पेट में है, आधा नीयत में।"

दुसरा सर्व्हेयर गेला. त्याने सगळं नव्याने मोजलं, नव्याने लिहिलं. तेव्हापासून आमच्याकडे तो कायदाच झाला, की ग्रोव्हरसाहेबांनी जिथे काही घेतलं तिथला रिपोर्ट ते लिहीत नाहीत.

*

दिल्लीत भूकंप येतो तो बहुतेक वेळा ओळख दाखवून निघून जातो. एकदा दुपारी आमची इमारत हलली. पंखे झुलायला लागले, सगळे जिन्याने खाली. आपत्तीचा विमा विकणारी माणसं आपत्तीत किती वेगाने पळतात, ते त्या दिवशी बघितलं! मीही पळाले, एका पायात चप्पल नव्हती.

फूटपाथवर उभी असताना मोबाइल वाजला. नोएडातून, बाविसाव्या मजल्यावरून एक गृहस्थ. भूकंपाची पॉलिसी हवी होती. मी म्हटलं, उद्या ऑफिसात या, फॉर्म भरू.

"मैडम, उद्या नहीं, अभी। मेरा झूमर अभी हिल रहा है।"

'उद्या' हा शब्द माझ्या तोंडून मराठीत गेला होता आणि त्या माणसाने घाबरून तोच परत केला. भीतीला भाषा कुठे कळते!

त्याच संध्याकाळी मी इनामदारकाकांच्या मागे लागले. काका-काकू मूळचे मिरजेचे, लक्ष्मीबाई नगरात आमच्या समोरच्या दारात राहायचे. माझ्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना पहिलीपासून कव्हरं घातली ती इनामदारकाकूंनी. कणीक शिजवून खळ करायच्या आणि तिने चिकटवायच्या. एकदा चिकटलं की सुटायचं नाव नाही. मुलगी दिल्लीत वाढलेली, तिला अजून खळ म्हटलेलं कळत नाही, ती 'काकूंचा ग्लू' म्हणते.

काका रिटायर झाले आणि सगळी पुंजी घालून त्यांनी गाझियाबादला, हिंडन नदीपासून थोडं आत, एक बैठं घर घेतलं. एकतीस वर्षांत पाच सरकारी क्वार्टर्स झाली होती. भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं की काका म्हणायचे, सोडताना भोक बुजवून द्यावं लागेल. स्वतःच्या घरात शिरल्या दिवशी काकूंनी हातोडी मागवली आणि अकरा खिळे ठोकले. त्यातल्या चारांवर टांगायला काही नव्हतंच. तरी ठोकले!

काका विम्याला तयार नव्हते. नदी लांब आहे, म्हणाले. मी पूर, भूकंप, सगळ्या चौकटींवर खुणा करून फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि सही घेऊनच उठले.

*

पुराचं पाणी उतरलं की भिंतीवर एक रेघ राहते, मातकट. ती बघून सर्व्हेयर ठरवतो पाणी किती चढलं होतं. ही गोष्ट ग्रोव्हरसाहेबांना माहीत आहे तशी ती दिल्लीत बऱ्याच जणांना माहीत आहे.

यमुनेच्या काठाकडच्या एका वस्तीत एका कापडवाल्याच्या गोदामात रेघ छातीपर्यंत होती. रंग जरा जास्तच तांबूस. साहेबांनी वास घेतला. चहाच्या उकळलेल्या पत्तीचा वास. दोघांना बोलावून भिंतीजवळचं लोखंडी कपाट पुढे ओढायला लावलं. कपाटामागच्या भिंतीवरची रेघ गुडघ्याइतकी.

"पानी अलमारी के पीछे जाने में शरमा गया क्या?"

गुडघ्यापर्यंतचा क्लेम मात्र साहेबांनी चोख लिहिला. म्हणाले, खोटं छातीपर्यंत असलं तरी नुकसान गुडघ्यापर्यंत खरं आहे.

*

आता पट्टी. पुरानंतर भिंतीला भेग पडली, तर ती तेवढ्यावर थांबली की अजून वाढते आहे, हे नुसतं बघून कळत नाही. मग साहेब भेगेवर आडवी एक पातळ कागदाची पट्टी चिकटवतात. दोन्ही टोकं पक्की. तारीख घालतात आणि सही करतात, तीही अशी की सहीचा पहिला फराटा भेगेच्या या बाजूला आणि शेपूट त्या बाजूला. महिना-दीड महिना पट्टी शाबूत राहिली तर भिंत स्थिर; दुरुस्तीचे पैसे मिळतात आणि माणसं तिथेच राहतात. पट्टी फाटली तर घर अजून खचतंय; मग ते खाली करायचं आणि पूर्ण घराचा क्लेम.

म्हणजे पट्टी फाटण्यात फायदा आहे, हे कोणालाही दोन मिनिटांत कळतं. गुडगावच्या एका मालकाने आठव्या दिवशी फोन केला, फट गई साहब. साहेब गेले. पट्टी मधोमध सरळ दोन तुकडे. त्यांनी भिंग काढलं, कडा बघितल्या; कागदाचा एक तंतू सुटलेला नव्हता.

"दीवार फाड़ती है तो रेशे छोड़ती है। ब्लेड नहीं छोड़ता।"

पुराव्याला हात लावला की क्लेम जातो, पॉलिसीत तसं छापलेलंच आहे. दुरुस्तीचेही पैसे मिळत नाहीत. साहेबांनी जागच्या जागी डायरी काढून 'छेडछाड' हा शब्द लिहिला आणि खाली रेघ मारली. तो माणूस तीन महिने आमच्या ऑफिसच्या चकरा मारत होता. मी त्याला प्रत्येक वेळी खुर्ची दिली, बाकी देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

*

सगळेच लबाड येतात असं नाही. मुनिरकाहून एकदा बीडचा एक मुलगा आला, यूपीएससी करणारा. खोलीच्या छतातून पाणी गळून त्याच्या नोट्सचा लगदा झाला होता. घरमालकाने पॉलिसी घेतल्याचं ऐकून तो मोठ्या आशेने आला होता. मी त्याला सांगितलं की मालकाची पॉलिसी भिंतींची आहे, आणि हाताने लिहिलेल्या कागदांचा विमा तसाही होत नाही. म्हणाला, ताई, फॉर्म तरी भरू द्या.

भरून दिला आणि गेला. 'वस्तू' या रकान्यात लिहिलं होतं, नोट्स, चौदा वह्या. 'किंमत' या रकान्यात, दोन अटेम्प्ट.

क्लेम बसत नव्हता. नायरमॅडमनी तो फॉर्म मात्र परत पाठवला नाही, त्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

*

ऑगस्टमध्ये हिंडनचं पाणी चढलं आणि लांब असलेली नदी इनामदारकाकांच्या घरात चार दिवस मुक्कामाला आली. पाणी उतरल्यावर मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत भेग. माझी ओळखीची माणसं म्हणून या क्लेममध्ये मी काही बोलणार नाही, असं मी मॅडमना आधीच लिहून दिलं, आणि साहेबांबरोबर फक्त कागद घेऊन गेले.

साहेबांनी नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी थर्मासमधला चहा घेतला. आत गेल्यावर काकूंनी तांब्या पुढे केला. साहेबांनी हात जोडले. मी शिरस्ता समजावून सांगितला, तेव्हा काकू त्यांना म्हणाल्या, "चार दिन से पानी ही पानी था घर में, भाईसाहब। एक घूँट आप भी ले लेते तो उतना कम हो जाता।"

साहेब पहिल्यांदाच क्लेमवाल्याच्या घरात हसलेले मी बघितले. पण पाणी घेतलं नाही.

त्यांनी पट्टी लावली, करंगळीएवढी सही केली आणि बजावलं की पुढच्या खोलीत झोपायचं, रोज सकाळी पट्टी बघायची, आणि फाटलेली दिसली की त्याच क्षणी घराबाहेर. सामान नाही, काही नाही. आधी बाहेर, मग फोन. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून बघायचं काम काकूंकडे आलं. निघताना काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, फाटली तर घर पाडतील का गं? मी म्हणाले, हो, पण पूर्ण पैसे मिळतील. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

मग सुरू झाले सोमवार. दर सोमवारी अकराला मी फोन करायची, काका म्हणायचे, "पट्टी शाबूत." मी ते मोठ्याने म्हणायची, समोर साहेब मान डोलवायचे, काचेपलीकडून मॅडम बघायच्या. पाऊस थांबत नव्हता. घरी जेवताना आभाळ गडगडलं की माझा घास हातात राहायचा. त्या घरात मी त्यांना राहू दिलंय, असं मला वाटायचं, आणि ते खरंही होतं.

सहावा सोमवार शेवटचा. दुरुस्तीचा क्लेम टाइप होऊन मॅडमपुढे पडलेला, सही तेवढी बाकी. मी फोन केला. काका म्हणाले, पट्टी शाबूत, काकूने सकाळीच बघितली. बाकी सगळं ठीक, न्हाणीघराचं दार तेवढं चार दिवसांपासून लागत नाही, पावसाने फुगलं असेल. मी हसत हसत ते साहेबांना सांगितलं.

साहेबांच्या हातातलं थर्मासचं झाकण तोंडापर्यंत आलेलं तसंच राहिलं.

"दरवाज़ा लकड़ी का है?"

मी काकांना विचारलं.

"नाही गं," काका म्हणाले, "प्लास्टिकचं."

साहेबांनी चहा परत थर्मासमध्ये ओतला. प्लास्टिक फुगत नाही, चौकट वाकडी झाली असली तरच दार अडकतं. आणि चौकट वाकडी झाली असेल तर पट्टी शाबूत कशी? मी काकांना दोघांनी लगेच बाहेर जाऊन बसा म्हणून सांगितलं, आणि आम्ही लिफ्टची वाटही न बघता खाली उतरलो.

*

गाझियाबादला या वेळी चहासाठी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबलीसुद्धा नाही.

काका-काकू बाहेर नव्हते. काकू दारात उभ्या होत्या, डोक्यावर पदर, या या म्हणत. काका पुढच्या खोलीत खुर्चीवर. आम्ही सरळ मागच्या भिंतीशी गेलो. पट्टी शाबूत होती. माझा जीव भांड्यात पडला, मी वळून काकूंना म्हणाले, उगाच घाबरवलंत हो.

साहेब वळले नाहीत. त्यांनी आधी चष्मा बदलला. मग भिंग काढलं. मग भिंग खिशात ठेवून स्वतःची करंगळी सहीवर आडवी धरली. सही करंगळीच्या पुढे गेली होती. ती आता मधल्या बोटाएवढी होती.

मी जवळ जाऊन बघितलं. सहीच्या पहिल्या फराट्याच्या आणि शेपटाच्या मध्ये कागदाच्या बारीक बारीक पट्ट्या होत्या, एकीला एक जोडलेल्या, आणि त्यांवरून निळ्या पेनाने रेघ पुढे नेलेली. चिकटवण्याची सफाई बघूनच मी ओळखलं. माझ्या मुलीच्या वह्यांची कव्हरं अशीच बसायची.

"कितनी बार, भाभीजी?" साहेबांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"पहले तो हफ़्ते में एक बार। अब रोज़ सुबह।"

"काय रोज सकाळी?" काका पुढच्या खोलीतून म्हणाले.

मला काकूंचा राग आला, खरं सांगते. छप्पर डोक्यावर आलं असतं! मी म्हणाले, काकू, फाटलेली तशीच ठेवली असती तर पूर्ण पैसे मिळाले असते.

"ते दुसऱ्या घराचे, वैशाली. हे घर कुठून मिळणार?"

साहेबांनी डायरी काढली, पेनचं टोपण उघडलं. त्या डायरीत गुडगाववाल्याचं पान मी बघितलं होतं. कोणी ब्लेडने कापलं काय आणि कोणी खळीने जोडलं काय, पॉलिसीला दोन्ही सारखंच. 'छेडछाड' या एका शब्दाने दुरुस्तीचेही पैसे जाणार होते आणि घर तर जाणारच होतं. मला ओरडून काहीतरी म्हणायचं होतं, पण ओळखीची माणसं म्हणून मीच मॅडमना लिहून दिलेलं होतं, मला तिथे तोंड नव्हतं.

साहेबांनी कोऱ्या पानाकडे बघितलं. मग त्यांनी पेनला टोपण लावलं.

"भाभीजी, चाय पिलाइए।"

काकूंना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"बाहर, नीम के नीचे। गैस भी वहीं ले आइए। पत्ती, चीनी, बर्तन, सब।"

आधी काकांना खुर्चीसकट बाहेर नेलं. मग शेगडी गेली, छोटा सिलिंडर गेला, दूध गेलं, कप गेले. काकू दरवेळी आत जायच्या आणि साहेब दरवेळी उंबऱ्याशी उभे राहून त्या बाहेर येईपर्यंत छताकडे बघायचे. साखरेचा डबा शेवटी आला. मग साहेब एकटे आत गेले, नखाने ती पट्टी सोडवली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मला दारातून दिसत होतं. मी रिकाम्या चार खिळ्यांकडे बघत राहिले.

चहा झाला. काकूंनी ओतताना थोडा बशीत सांडला. साहेबांनी बशीतला आधी घेतला, मग कपातला. सावकाश, तळापर्यंत.

काकू पदराने हात पुसत उठल्या. आलं घालायचं राहिलं, म्हणाल्या, आतच राहिलंय. साहेबांनी नुसता हात आडवा केला. त्या खाली बसल्या, काकांच्या खुर्चीला टेकून, घराकडे तोंड करून.

मी जरा लांब जाऊन नायरमॅडमना फोन लावला. त्यांनी पहिलं पट्टीचंच विचारलं.

"मॅडम," मी म्हणाले, "ग्रोव्हरसाहेबांनी चहा घेतला."

त्यांनी पट्टीचं पुन्हा विचारलं नाही.

"कल सुबह दूसरा सर्वेयर भेजती हूँ," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी परत आले तेव्हा साहेबांनी कप पुढे केलेला होता.

"भाभीजी, एक और।"